अर्धा लिटर पाणी

त्या दिवशी आमच्याकडे नळ आला होता. खामगावात नळ येणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. कधी पहाटे येतो, कधी भर दुपारी, आणि आला की हातातलं काम टाकून ड्रम, टाकी, घागरी, पातेली, जे दिसेल ते भरून घ्यायचं. फोन वाजत होता आणि मी तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ओल्या हातानं उचलला. वरवट बकालहून भाचा बोलत होता, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा मंगेश. "आत्या, आई गेली," म्हणाला. मी म्हटलं, "कुठं गेली?" खरंच असं विचारलं मी. कारण प्रमिलावहिनी सारख्या कुठंतरी जाणाऱ्याच बाई होत्या, पंचायत समितीत, शाळेत, कोणाच्या तरी शेतात, आणि मरणाचा नि त्यांचा संबंध माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मंगेश रडायला लागला तेव्हा उलगडलं. सकाळी उठल्या, छातीत कळ आली म्हणाल्या, आणि दादा गाडी बाहेर काढेपर्यंत सगळं आटोपलं होतं. इकडे ड्रम भरून पाणी अंगणभर वाहत होतं आणि मी फोन हातात धरून तशीच उभी... पाणी वाया घालवलं म्हणून वहिनी असत्या तर मला चांगलंच बोलल्या असत्या.

रडून झालं, तेरावं झालं. हा लेख रडण्यासाठी नाही. मला राग आलेला आहे आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरत नाही, म्हणून लिहायला बसले. वहिनी गेल्या त्याच आठवड्यात पेपरात त्यांच्या संस्थेनं चौकटीत श्रद्धांजली छापली. विद्यार्थिप्रिय, अभ्यासू, संस्थेच्या जडणघडणीत मोलाचा वाटा उचलणाऱ्या ज्येष्ठ शिक्षिका... खाली अध्यक्षांपासून सगळ्यांची नावं. मी ते वाचलं, पेपर चुरगळून फेकला, मग उचलून सरळ केला, पुन्हा वाचला आणि पुन्हा चुरगळला. ज्यांनी वहिनींच्या हातून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली तेच आता जडणघडण म्हणतात. लाज वाटत नाही या लोकांना. वहिनी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायच्या त्याचं नाव मी इथं लिहिलं होतं; पुरवणीवाले काढून टाकतील हे माहीत असल्यामुळे मीच खोडलं. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मला सायन्समधलं ओ की ठो कळत नाही, मी आयुष्यभर पोस्टात नोकरी केली. तरी झालं ते मी सांगणार आहे, कारण ते समजायला सायन्स लागत नाही.

वहिनी अमडापूरच्या. एम. एस्सी. झालेली सून आमच्या घरात आली म्हणून गावातल्या बाया तिला पाहायला यायच्या, आणि वहिनी त्यांच्याशी आपल्या वऱ्हाडीत गप्पा मारत भाजी निवडत बसायच्या. आमच्या आईला एक सवय होती. पाहुणे अवचित वाढले की ती ताकात तांब्याभर पाणी ओतायची, वरून मीठ-जिरं टाकायची आणि ताक म्हणून वाढायची. कोणाच्या घरी होत नाही हे? पहिल्याच उन्हाळ्यात वहिनींनी पाहुण्यांच्या देखत विचारलं, "आई, यात पानी किती टाकलं?" आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुणे गेल्यावर ती कडाडली, "मले चोर ठरवतं का वं तू?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पानी टाकाले हरकत नाई, आई. फक्त टाकलं म्हनून सांगा. मंग मठ्ठा म्हना त्याले." पुढं कित्येक वर्षं मी त्यांना यावरून छेडायची. जेवताना विचारायची, "वहिनी, आजच्या ताकाचं कॉन्सन्ट्रेशन?" त्या वाटी तोंडाला लावून अगदी गंभीरपणे सांगायच्या, "दोनास एक." आईसुद्धा शेवटी शेवटी हसायची. वस्तू पातळ केली की तिच्यावरचं लेबल बदललं पाहिजे, एवढंच वहिनींचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी ताकापासून शेतातल्या औषधापर्यंत सगळ्याला लावलं.

औषधावरून तर आमच्या घरात दर हंगामात भांडण. आपल्याकडे फवारणीचं माप म्हणजे बाटलीचं झाकण. दुकानदार सांगतो, पंपाला दोन झाकणं. कोणत्या पंपाला, कोणत्या बाटलीचं झाकण, हे तो सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. बाटलीवर प्रमाण लिहिलेलं दहा लिटर पाण्याला आणि दादाचा पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा. त्यात आपल्या माणसांचा हात सढळ, अळी मेली पाहिजे म्हणून एक झाकण वरून. पुढं पेट्रोलचे पंप आले. त्यात थोड्या पाण्यात जास्त वावर उरकतं, म्हणजे प्रमाण नव्यानं काढायला पाहिजे. कोण काढतो? झाकणं तीच. वहिनींनी खोकल्याच्या औषधाबरोबर येते ती मापाची टोपी दादाच्या पिशवीत टाकली आणि पंपावर रंगानं किती पाण्याला किती औषध ते लिहून ठेवलं. दादा म्हणाला, "लोकं हासतीन ना वं मले. बायको मोजून देते म्हनतीन." वहिनी म्हणाल्या, "हासू द्या. उलट्या करत घरी येन्यापेक्षा हासलेलं बरं." दादा कुरकुरत का होईना, पण मोजून टाकायला लागला. अजूनही मोजूनच टाकतो.

आता एक गोष्ट सांगते, जी बारावी सायन्स केलेल्या पुष्कळांना माहीत असेल आणि जी कोणी छापत नाही. बारावीला एक प्रयोग असतो. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपण विहिरीत टाकतो ती लाल दवाई, तिचं जांभळं द्रावण एका उभ्या काचेच्या नळीत भरायचं. खाली शंकूसारख्या भांड्यात दुसरं एक बिनरंगी द्रावण मोजून घ्यायचं. वरून जांभळं थेंब थेंब सोडत राहायचं. थेंब पडतो आणि रंग उडतो, पडतो आणि उडतो, आणि एका थेंबाला तो उडायचा थांबतो, फिकट गुलाबी छटा राहते. तिथं थांबून नळीवरचा आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे रीडिंग. वर्गात वहिनी प्रत्येकाला हे स्वतः करायला लावायच्या, आणि ज्याला जो आकडा आला तो त्यानं लिहायचा, चुकला असेल तर का चुकला ते शोधायचं. पण परीक्षेच्या दिवशी वेगळाच कारभार. सकाळच्या गटातली पोरं प्रयोग करतात, बाहेर पडताना आकडा मित्रांच्या कानात सांगतात, आणि मग दिवसभर सगळे गट तोच आकडा लिहितात. नळी उघडली काय नि नाही उघडली काय. बाहेरून परीक्षक येतो, दुपारी संस्थेच्या कोणाच्या तरी घरी त्याला भरीत-भाकरी, मांडे, साग्रसंगीत जेवण होतं, आणि संध्याकाळच्या एसटीच्या आत त्याला पेपर तपासून मोकळं व्हायचं असतं. आकडा जुळला की मार्क. याला म्हणतात प्रात्यक्षिक परीक्षा.

या सगळ्यात सविता सापडली. सविता आमच्या गावचीच, घरामागच्या मळ्यातल्या माळ्याची मुलगी. बाप वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर बाजारात नेऊन विकायचा. तिच्या घरातून सायन्सला गेलेली ती पहिलीच, आणि तिचं एकच ठरलेलं होतं, की डी. फार्मसी करायची आणि गावात औषधाचं दुकान टाकायचं. तेव्हा तो प्रवेश बारावीच्या मार्कांवर होता. या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. त्या वर्षी संस्थेनं आपल्या बाजूचा अंतर्गत परीक्षक म्हणून वहिनींचं नाव मुद्दामच पाठवलं नव्हतं, दुसऱ्या सरांचं पाठवलं, कारण 'मॅडम त्रास देतात'. वहिनींकडे फक्त द्रावणं बनवायचं काम. ती त्यांनी सकाळी बनवली, सगळी नीट जुळतात ना हे पाहिलं, प्रयोगशाळेतले मदतनीस गुलाबराव यांच्या ताब्यात दिली, आणि दुपारी त्यांना दुसऱ्या इमारतीत पर्यवेक्षणाला पाठवून दिलं. सकाळच्या दोन्ही गटांचं रीडिंग दहा मिलिलिटर आलं, आणि ते खरंच दहा होतं. सविता दुपारच्या गटात होती. तिला साडेबारा आलं. तिनं पुन्हा केलं, साडेबारा. तिसऱ्यांदा केलं, तरी साडेबारा. शेजारची मुलगी कुजबुजली, "दहा लिही ना वं, येडी." सवितानं साडेबारा लिहिलं. परीक्षक म्हणाले, "सगळ्यांचं दहा आणि तुझंच साडेबारा कसं?" ती म्हणाली, "सर, माझं तेवढंच आलं." "मग तुला करता येत नाही," असं म्हणून त्यांनी मार्क कापले. नळीकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मी तेव्हा माहेरी आलेली होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. संध्याकाळी सविता आमच्या ओट्यावर येऊन हुंदके देत बसली. वहिनींनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तिन्ही टाइम तेवढंच आलं?" ती म्हणाली, "हाव मॅडम, तिन्ही टाइम." मग विचारलं, "जांभळ्याची बाटली किती भरेल होती?" "गळ्यापर्यंत भरेल होती."  मग वहिनींनी मला समोर बसवून समजावलं, जसं त्या पोराटोरांना समजावायच्या तसं. खालचं बिनरंगी द्रावण दिवसभर एकाच भांड्यातलं होतं, त्यात काही बदल नव्हता. सकाळी त्याला दहा मिलिलिटर जांभळं पुरत होतं, दुपारी साडेबारा लागलं. म्हणजे सकाळी जो जोर दहा मिलिलिटरमध्ये होता तो दुपारी साडेबारामध्ये पसरला होता. दहामध्ये अडीच पाणी पडलं की साडेबारा होतात. बाटली अडीच लिटरची, आणि सकाळच्या दोन गटांनी वापरूनही गळ्यापर्यंत भरलेली. तर तिच्यात दोन लिटर दवाई आणि अर्धा लिटर पाणी. आधीची तीव्रता गुणिले आधीचं आकारमान बरोबर नंतरची तीव्रता गुणिले नंतरचं आकारमान, हे पुस्तकातलं वाक्य मला त्या दिवशी पाठ झालं. जांभळा रंग इतका गडद असतो की अर्धा लिटर पाण्यानं तो डोळ्याला जराही फिका दिसत नाही. "अर्धा लिटर पानी टाकलं कोनंतरी," वहिनी म्हणाल्या. "पोरीचं रीडिंग बरोबर हाये. बाकी सारा गट खोटं लिहून आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं त्या कॉलेजला गेल्या. बाटलीत उरलेलं मोजलं असतं तर पाच मिनिटांत सगळं सिद्ध झालं असतं. बाटली धुऊन उपडी घातलेली होती. त्यांनी गुलाबरावांना विचारलं. चिडून नाही विचारलं, मला शब्दन् शब्द सांगितला होता त्यांनी घरी येऊन. "गुलाबभाऊ, जांभळं कमी पडलं असन, मी समजू शकते. मी दिवाईच्या आधीपासून ऑफिसले सांगून राह्यली का दवाई संपत आली, मागवा. नाई मागवली. तुमी पानी टाकलं असन तर सांगा, तुमच्यावर काही येऊ देनार नाई." गुलाबराव खाली पाहत म्हणाले, "मी नाई टाकलं मॅडम." बस. मग वहिनी संस्थेच्या सचिवांकडे गेल्या. मागणी काय, तर प्रयोगशाळा उघडा, परीक्षकांना परत बोलवा, त्यांच्यासमोर या मुलीला पुन्हा करू द्या. सचिव म्हणाले, "मॅडम, एका पोरीसाठी तुम्ही अख्ख्या गटाला खोटं पाडता? सगळ्यांचे मार्क जातील, संस्थेची अब्रू जाईल." बघा, माणूस कॉमर्सचा, पण हिशेब त्याला बरोबर कळला होता. सविताचं साडेबारा खरं ठरलं की बाकीच्यांचं दहा खोटं ठरत होतं, आणि ते खोटं कोणाच्या आशीर्वादानं चालतं तेही उघडं पडत होतं. म्हणून एकटीला खोटं पाडणं सोयीचं.

वहिनींनी वरपर्यंत तक्रार केली. चौकशीला दोन माणसं आली, चहा-फराळ झाला, गुलाबरावांनी त्यांच्यासमोरही तेच सांगितलं आणि परीक्षकांचा निर्णय अंतिम असं ठरलं. सविताचा फार्मसीचा अनुदानित कॉलेजातला नंबर थोडक्यात हुकला. बाहेरची फी भरणं बापाला जमणारं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पिंपळगाव राजाला दिली. आणि वहिनींना मेमो. संस्थेची बदनामी केली म्हणून. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली, रसायनशास्त्राचे तास काढून घेतले, पर्यावरणाचे तास दिले आणि उरलेल्या वेळात ग्रंथालयात बसवलं. ज्या बाईनं ती प्रयोगशाळा पदरच्या पैशानं फिल्टर पेपर आणून चालवली तिला तिच्या दाराबाहेरून जावं लागायचं. त्या खोलीतून वास आला की कशाचा प्रयोग चाललाय ते बाहेरूनच कळतं, असं मला एकदा म्हणाल्या होत्या... मी काही बोलले नाही तेव्हा. आता बोलते. हा छळ होता, आणि तो सभ्य माणसांनी इस्त्रीचे कपडे घालून केला.

दादा म्हणायचा, "सोड ना वं आता. पोरीचं लगन झालं, लेकरं झाले. तू काऊन जीव जाळून राह्यली?" वहिनी म्हणायच्या, "मार्क नको मले आता. त्या कॉलेजातल्या एका मानसानं एकडाव म्हनावं, पोरीचं बरोबर होतं. बस." एवढंच हवं होतं त्यांना. मोठं काही नाही. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी निरोप समारंभाला नाही म्हणून सांगितलं, तर संस्थेनं शाल-नारळ घरी पाठवून दिला. घेऊन पाठवलं कोणाला, तर गुलाबरावांना. मी होते घरात. वहिनींनी त्यांना बसवलं, चहा केला, आणि कप हातात देताना विचारलं, "गुलाबभाऊ, आतातरी?" गुलाबराव चहा प्यायले, कप खाली ठेवला, टोपी नीट केली आणि "येतो मॅडम" म्हणून निघून गेले. मला इतका संताप आला की ती शाल मी उचलून अंगणात भिरकावली. वहिनींनी ती झटकून घडी केली आणि कामवाल्या बाईला देऊन टाकली. "थंडीचे दिवस हायेत बाई, शालीवर कायले राग काढतं," असं मलाच म्हणाल्या.

तेराव्यानंतर मी त्यांच्या स्वयंपाकघरात राहिले काही दिवस. दादाला चहासुद्धा धड करता येत नव्हता, पण आता तो सगळं करू शकतो, कारण त्या घरातल्या प्रत्येक बाटलीवर नि बरणीवर चिकटपट्टीखाली वहिनींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं आहे. फरशीच्या फिनाईलवर, किती पाण्याला किती. लिंबाच्या सरबतावर, ग्लासाला किती. उलटी-जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी कसं करायचं, ते फ्रिजच्या दारावर. एका बरणीवर नुसतं 'हे पातळ केलेलं आहे' असं लिहिलं होतं आणि ती बरणी रिकामी होती. दादानं ती पुसून होती तिथंच परत ठेवली, आणि मी माझं तोंड ओट्याकडे फिरवून भांडी घासत राहिले.

आणि मग संस्थेचा फोन आला. शोकसभा ठेवली आहे, कुटुंबीयांनी यावं. मी म्हटलं, मुळीच जायचं नाही. दादा म्हणाला, "मेल्यावर कायचं वैर वं? मानसं बोलावून राह्यले तर जाऊ." मग मी सविताला फोन केला. ती पिंपळगाव राजाहून दोन गाड्या बदलून आली, पदर सावरत माझ्या शेजारी बसली. चाळिशीची बाई झाली आहे आता, शेतातल्या उन्हानं रापलेली. सभागृह भरलेलं होतं. एकेक जण उठून बोलत होता. शिस्त, निष्ठा, सेवा, सगळं झालं. एका सरांनी सांगितलं की मॅडम जरा हट्टी होत्या, पण मनानं निर्मळ होत्या. जरा हट्टी.  तेव्हाचे सचिव आता अध्यक्ष आहेत, तेच मधोमध बसले होते. त्यांनी सांगितलं की मॅडमच्या तालमीत घडलेले कितीतरी विद्यार्थी आज नाव काढत आहेत. सविता समोरच बसलेली होती आणि तिला त्यांनी ओळखलंही नाही. शेवटी कुटुंबाच्या वतीनं दोन शब्द म्हणून पुकारा झाला. दादाच्यानं उठवेना. मी उठले.

मी माईकवर काय बोलले ते मला पूर्ण आठवतं. मी आभार मानले नाहीत. मी म्हटलं, माझ्या वहिनीला तुमची शाल नको होती, मानपत्र नको होतं, तिला एक वाक्य हवं होतं आणि ते तुम्ही तिला मरेपर्यंत दिलं नाही. मग मी तो हिशेब सांगितला, जसा त्यांनी मला सांगितला होता तसाच. दहा, साडेबारा, अडीच लिटरची बाटली, अर्धा लिटर पाणी. कॉलेजातली पोरं सरसावून ऐकत होती. मी म्हटलं, ती मुलगी इथं बसली आहे, आणि तिचं रीडिंग... एवढ्यात अध्यक्ष उठले, माझ्या हातातला माईक हळूच, अगदी प्रेमानं, काढून घेतला आणि म्हणाले, "ताईंच्या भावना आपण सगळे समजू शकतो. मॅडमना आदरांजली म्हणून आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या." काय माणूस आहे बघा. मला गप्प करायला त्यानं वहिनींच्याच नावानं शांतता पुकारली. सगळे उठले, माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी माझ्या जागेवर परत आले.

आणि त्या शांततेत, मागच्या भिंतीकडून, एक म्हातारा आवाज आला. आधी खोकला आला, मग शब्द. "अर्धा लिटरच टाकलं होतं म्या." लोकांनी डोळे उघडले, पण मान वर करावी की नाही ते कोणाला कळेना. मी वळून पाहिलं. गुलाबराव होते, काठी धरून उभे, खूप वाळलेले. "जांभळं पुरनार नव्हतं. ऑफिसातून म्हने कायबी करा. अर्धा लिटर टाकलं. नळाचं नाई टाकलं, डिस्टिल्ड टाकलं, मॅडमनं शिकवलं होतं तसं..."  त्या पाण्याचासुद्धा दर्जा सांभाळला या माणसानं, आणि तोंड मात्र इतकी वर्षं मिटून ठेवलं. वहिनींनी हातात चहाचा कप देऊन विचारलं होतं याला. मला क्षणभर जाऊन त्याची काठी हिसकावून घ्यावीशी वाटली.

दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत अध्यक्षांनी "ओम शांती" म्हणून टाकलं. खुर्च्या सरकल्या, सगळे खाली बसले. सविता बसली नाही. ती मागं वळली आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "काका, मॅडम जित्या होत्या तवा काऊन नाई बोलले तुमी?" गुलाबरावांनी टोपी नीट केली. ती तशीच उभी राहिली, उत्तराची वाट पाहत. मग अध्यक्षांनी माईकवरून सांगितलं की सर्वांनी चहा घेऊनच जावं.